मुलाची शाळा मधेच बदलावी काय?

मुले शाळेत जातात. तेथे ती शिकतात, खेळतात आणि भांडतातही. आज भांडण झाले, की दोन दिवस बोलणे बंद. तिसऱ्या दिवशी तीच मुले एका डब्यात जेवतात. अशा भांडणाची काळजी करण्याचे कारण नाही.

परंतु कधीकधी दुसरेच काही घडते. चार मुले मिळून एकाच मुलाला धरतात. त्याला नाव ठेवतात. त्याचा डबा सांडतात. त्याची वही फाडतात. आज धरतात, उद्या धरतात, रोजच धरतात. ते मूल एकटे असते. त्याला उलट उत्तर देता येत नाही. याला भांडण म्हणत नाहीत. याला छळ म्हणतात.

भांडण कोणते आणि छळ कोणता, हे ओळखावे कसे? तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट, त्रास मुद्दाम दिलेला असतो. दुसरी, तो पुन्हा पुन्हा दिलेला असतो. तिसरी, देणारा जोरावर असतो आणि घेणारा कमजोर असतो. जोर म्हणजे केवळ अंगातला जोर नव्हे. एका बाजूला पाच जण आणि दुसऱ्या बाजूला एक, हाही जोरच. एकाचा बाप पैसेवाला, दुसऱ्याचा बाप हंगामी कामगार, हाही जोरच. या तिन्ही गोष्टी असल्या, तर तो छळ समजावा.

आपल्या सातपुरात

सातपूर हे मूळचे नाशिकजवळचे, त्र्यंबक रस्त्यावरचे खेडे. १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे येथे कारखाने उभे राहिले. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली, तेव्हा सातपूर तीत गेले. कारखान्यांत काम मिळते म्हणून माणसे आली. खानदेशातून आली, मराठवाड्यातून आली, उत्तर प्रदेश आणि बिहारमधूनही आली. आसपासच्या खेड्यांतली मुलेही शिकण्यासाठी सातपूरला येतात.

त्यामुळे एकाच वर्गात नाना तऱ्हेची मुले बसतात. कोणी घरी अहिराणी बोलतो, कोणी हिंदी. कोणाचा बाप कारखान्यात कायम आहे, कोणाचा ठेकेदाराकडे रोजावर आहे. कोणी खेड्यातून बसने येतो. हे सगळे एकत्र शिकतात, ही चांगली गोष्ट आहे. पण जे मूल वेगळे दिसते, वेगळे बोलते, त्याच्यावर टवाळांचे लक्ष आधी जाते. बोलीवरून हसतात. रंगावरून हसतात. अंगाने जाड असला तरी हसतात, बारीक असला तरी हसतात. जातीवरून बोलतात. हे तर सर्वांत वाईट.

हल्ली मोबाईल आला आहे. पूर्वी शाळा सुटली की त्रासही सुटायचा. आता तो खिशात बसून घरी येतो. मुलाचे वेडेवाकडे चित्र काढून वर्गातल्या सगळ्यांना पाठवतात. ते मूल रात्री अंथरुणात पडून ते पाहत राहते.

मूल सांगत नाही

तेरा-चौदा वर्षांचे मूल हे आपण होऊन सांगत नाही. त्याला लाज वाटते. बाप म्हणेल, "तू मुलगा आहेस की कोण?" आई शाळेत जाऊन आरडाओरड करील आणि मग पोरे जास्तच मारतील, अशी त्याला भीती असते. म्हणून ते गप्प राहते. तेव्हा आपणच पाहावे.

सकाळी शाळेच्या वेळी रोज पोट दुखते काय? रविवारी मात्र दुखत नाही? दप्तर, पेन, पैसे वारंवार हरवतात काय? कपडे फाटतात काय? जेवण कमी झाले आहे काय? झोपेत दचकते काय? शाळेचा नेहमीचा रस्ता सोडून लांबचा रस्ता धरते काय? मार्क एकदम खाली आले आहेत काय? यांतल्या दोन-तीन गोष्टी दिसल्या, तर शांतपणे जवळ बसवावे.

बसवून काय विचारावे? "कोणी मारतं का?" असे एकदम विचारू नये. "मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतोस?" असे विचारावे. "तुमच्या वर्गात कोणाला जास्त त्रास देतात?" असे विचारावे. मग हळूहळू बोलणे निघते. ते निघाले, की मधे बोलू नये. ऐकून घ्यावे.

आपल्याकडे अशा वेळी दोन सल्ले ठरलेले आहेत. एक सल्ला, "चालायचंच. पोरं आहेत ती." दुसरा सल्ला, "तूही एक ठेवून दे." दोन्ही सल्ले मुलाच्या कामाचे नाहीत. पहिल्याने मूल एकटे पडते. दुसऱ्याने काय होते? ज्याला एक ठेवून देता आली असती, त्याने ती केव्हाच दिली असती. कमजोर मूल मारायला गेले तर जास्त मार खाऊन येते. आणि मारामारीत ते सापडले, तर दोष त्याच्यावरच येतो.

त्याला असे सांगावे : "यात तुझी चूक नाही. तू सांगितलंस ते बरं केलंस. आता आपण मिळून बघू." एवढ्यानेही मुलाच्या छातीवरचा दगड उतरतो.

आधी आहे त्या शाळेत काय करावे?

शाळा बदलणे हा शेवटचा उपाय आहे. त्याआधीच्या पायऱ्या चढाव्यात.

पहिली पायरी वर्गशिक्षकांची. त्यांना भेटावे. काय झाले, कोणत्या दिवशी झाले, कोठे झाले, कोण होते, हे एका कागदावर लिहून न्यावे. तुम्हाला आता लिहिता येते. त्याचा उपयोग येथे करावा. तोंडी सांगितलेले विसरले जाते, लिहिलेले राहते. मोबाईलवर काही आले असेल तर ते पुसू नये. तो पुरावा आहे.

दुसरी पायरी मुख्याध्यापकांची. त्यांच्या नावे अर्ज द्यावा. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक प्रत शाळेत द्यावी. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, सही व तारीख घ्यावी. याला पोच म्हणतात. पोच घेण्यात भांडण नाही. मागायला संकोच करू नये. मूल त्याच वर्गात नको असेल, तर तुकडी बदलून मागावी. पुष्कळदा तुकडी बदलल्याने निम्मे काम होते. शाळा तीच राहते, फक्त सोबत बदलते.

तिसरी पायरी समितीची. प्राथमिक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात बहुतेक सभासद पालकच असतात. माध्यमिक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमावी, असा सरकारचा २०२२ सालचा आदेश आहे. शाळेत तक्रारपेटीही असावी लागते. तेथे सांगावे.

कायदाही आपल्या पाठीशी आहे. १९९९ साली आपल्या राज्याने रॅगिंगविरुद्ध कायदा केला. एखाद्या विद्यार्थ्याला चिडवून, धमकावून किंवा शिवीगाळ करून शरीराला अथवा मनाला इजा करणे, हा या कायद्याने गुन्हा आहे. लेखी तक्रार आली, तर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी केली पाहिजे. जातीवरून अपमान झाला, तर त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अंगाशी वाईट चाळा झाला, तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. अशा वेळी शाळेच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. थेट पोलीस ठाणे गाठावे. त्रास देणारे मूल अठरा वर्षांच्या आतले असेल, तर त्याचे प्रकरण मोठ्यांच्या कोर्टात न जाता बालन्याय मंडळापुढे जाते. तेव्हा कोणाच्या पोराचा जन्म वाया जाईल, या विचाराने गप्प राहू नये.

शाळेने मनावर घेतले तर काय होते?

नॉर्वे नावाचा एक थंड मुलूख युरोपच्या उत्तरेस आहे. तेथे १९८२ साली तीन मुलांनी जीव दिला. शाळेतला छळ हे त्याचे कारण असावे, असे दिसून आले. सारा देश हळहळला. १९८३ साली तेथील सरकारने देशभर मोहीम काढली. डॅन ऑल्व्हेउस नावाचे एक प्राध्यापक होते. या विषयाचा अभ्यास त्यांनी दहा-बारा वर्षे आधीच सुरू केला होता. छळ ओळखण्याच्या ज्या तीन गोष्टी वर सांगितल्या, त्या त्यांनीच जगाला समजावून दिल्या. बर्गन शहरातल्या ४२ शाळा आणि सुमारे २,५०० मुले त्यांनी दोन वर्षे पाहिली.

त्या शाळांत केले तरी काय? फार खर्चाचे काही नव्हते. मधल्या सुट्टीत शिक्षक मैदानावर उभे राहू लागले. वर्गावर्गात नियम लिहून लावले. आठवड्याला मुलांशी त्यावर बोलणे होऊ लागले. छळणाऱ्या मुलाशी व त्याच्या आईबापांशी गंभीरपणे बोलणे झाले. दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले.

यावरून काय समजायचे? छळ हा पावसासारखा नाही, की आला तर छत्री धरून बसावे. मोठ्या माणसांनी लक्ष घातले तर तो कमी होतो. म्हणून शाळेला लक्ष घालायला लावणे, हे पालकांचे पहिले काम आहे.

आणखी एक गोष्ट. तुमचा मुलगा त्या शाळेतून निघाला, तरी ती चार मुले तेथेच राहतात. उद्या ती दुसऱ्या कोणाला धरतील. म्हणून शाळा बदलायची ठरली, तरी अर्ज द्यावाच. तो मागे राहिलेल्या मुलांसाठी असतो.

बदलायची वेळ केव्हा येते?

अर्ज दिला. दोन-तीन आठवडे वाट पाहिली. तरी शाळा हलत नाही. किंवा शाळा हलली, पण मुलाच्या मनातली भीती हलत नाही. त्याला मारहाण झाली आहे. ते जेवत नाही, झोपत नाही. "मला जगायचं नाही," असे बोलते. अशा वेळी वर्ष मधेच आहे, परीक्षा तोंडावर आहे, लोक काय म्हणतील, असा विचार करू नये. बुडालेले वर्ष भरून निघते. मूल गेले तर भरून निघत नाही.

मूल जीव देण्याची भाषा बोलले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे. मनाच्या दुखण्यावर तेथे फुकट सल्ला मिळतो. मुलांच्या कोणत्याही संकटासाठी १०९८ हा फोन आहे.

मात्र एक विचार आधी करावा. त्रास देणारी मुले कोठली आहेत? ती आपल्याच गल्लीतली असली, त्याच बसने येत असली, त्याच शिकवणीला असली, तर नुसती शाळा बदलून भागणार नाही. बस बदलावी, शिकवणी बदलावी, मोबाईलचा नंबर बदलावा. नाहीतर घर बदलले आणि ढेकूण बाजेबरोबर आणले, असे होईल.

मुलालाही विचारावे. त्याला न विचारता त्याला लांबच्या वसतिगृहात टाकले, तर त्याला ती शिक्षा वाटते. "छळ त्यांनी केला, घराबाहेर मी," असे त्याच्या मनात येते.

दाखल्याची गोष्ट

आम्ही शाळेत असताना पुष्कळ दाखले लिहिले. त्यावरून चार गोष्टी सांगतो.

नव्या शाळेत जागा आहे, याची खात्री झाल्याशिवाय जुन्या शाळेतून दाखला काढू नये. रागाच्या भरात पालक दाखला घेऊन बाहेर पडतात. मग वर्ष मधेच असल्याने दुसरी शाळा घेत नाही, आणि मूल घरी बसते. आधी नव्या शाळेत जावे. मुख्याध्यापकांना भेटावे. ते हो म्हणाले, की मग जुन्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज करावा.

दाखला हातात आला, की तेथेच उभे राहून वाचावा. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, इयत्ता, हे सगळे बरोबर आहे काय ते पाहावे. जन्मतारीख अंकी व अक्षरी, दोन्ही जुळली पाहिजे. "वर्तणूक" या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहावे. तेथे "चांगली" असे हवे. मार खाणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर वाईट शेरा नको. शाळा सोडण्याच्या कारणात "पालकांच्या विनंतीवरून" एवढे पुरते. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो. म्हणून त्याच्या दोन-तीन झेरॉक्स प्रती काढून घरी ठेवाव्यात.

दाखल्याबरोबर पहिल्या सत्राचे गुण मागून घ्यावेत. ते नव्या शाळेला निकालासाठी लागतात. हल्ली मुलाचे नाव संगणकावरही असते. जुन्या शाळेने ते सोडायचे आणि नव्या शाळेने घ्यायचे असते. ते झाले काय, हे महिन्याने विचारावे.

आठवीपर्यंतच्या मुलाला कायद्याचा मोठा आधार आहे. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कोणत्याही कारणाने मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचे असेल, तर तसा त्याला हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब दिला पाहिजे. दाखला यायला उशीर झाला, तरी त्या कारणाने नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

नववीपासून हा कायदा लागू नाही. तेथे माध्यमिक शाळा संहितेचे नियम चालतात. दाखला अडवला, तर जिल्हा परिषदेतील माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. तुम्ही दिलेल्या अर्जाची पोच तेथे कामाला येते.

दहावीचे वर्ष असेल तर फार जपून पाऊल टाकावे. परीक्षेचा फॉर्म शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. तो गेल्यावर शाळा बदलणे अवघड असते. म्हणून आधी दोन्ही शाळांत आणि नाशिकच्या विभागीय मंडळात चौकशी करावी. बदल जमत नसेल, तर तुकडी बदलून, शिक्षकांची नजर ठेवून, तेवढे वर्ष पार पाडावे. आणि शाळा सुटलीच, तरी सगळे संपत नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. त्याच्या अटी मंडळात कळतात.

नवी शाळा पाहताना माध्यम तेच आहे काय, हे पाहावे. राज्य मंडळाच्या शाळांत बालभारतीची तीच पुस्तके असतात. त्यामुळे मधेच गेले तरी धडा तोच असतो. परंतु हिंदी पूर्ण आहे की संस्कृतबरोबर संयुक्त आहे, एवढे विचारून घ्यावे.

नव्या शाळेत

नव्या मुख्याध्यापकांना खरी गोष्ट खाजगीत सांगावी. लपवू नये. पण वर्गापुढे सांगू नये, अशी विनंती करावी. पहिल्या बाकावर बसवावे, एखाद्या समंजस मुलाजवळ बसवावे, असे सुचवावे. एक मित्र मिळाला, की मूल तगते.

सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव घातले गेले. तो म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांना वर्गात वेगळे बसवत. बसायला गोणपाट घरून न्यावे लागे. नळाला हात लावायची मनाई होती. शिपाई वरून पाणी ओतील तेव्हा प्यायचे, शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. पुढे हे कुटुंब मुंबईस आले. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. शाळा मोठी, गाव मोठे. पण एकदा शिक्षकांनी त्यांना फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते काढले. शाळा बदलली होती, माणसांची मने बदलली नव्हती.

मग ते टिकले कशाच्या बळावर? साताऱ्याला आंबेडकर नावाचे एक शिक्षक होते. ते त्यांना मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकर देत. त्यांचेच आडनाव पुढे बाबासाहेबांना लागले. मुंबईला केळुसकर गुरुजी भेटले. घरी वडील रामजी सुभेदार पहाटे उठवून अभ्यासाला बसवत. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. ७ नोव्हेंबर हा दिवस आपले राज्य २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळते.

यातून पालकांनी एवढे घ्यावे. नवी शाळा निवडताना इमारत पाहू नये, निकालाचे फलक पाहू नयेत. तेथे आपल्या मुलाची बाजू घेणारा एक तरी शिक्षक आहे काय, ते पाहावे.

मुलगी असेल तर

मुलीला छेडले, त्रास दिला, की घरात काय ठरते? "शाळा पुरे. घरी बसव. स्थळ बघ." म्हणजे गुन्हा टवाळांचा आणि शिक्षा मुलीला. ती आठवीत किंवा नववीत असते. तिचे शिक्षण जाते आणि अठराच्या आत लग्न लावले, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे घरची वडीलधारी माणसेच गुन्हेगार ठरतात. मुलीची शाळा बदला. तिची बस बदला. हवे तर चार मुलींची सोबत जमवा. पण तिचे दप्तर खुंटीला टांगू नका.

तक्रार आपल्या मुलाची आली तर

हे वाचणाऱ्यांत त्रास देणाऱ्या मुलांचेही आईबाप असतील. शाळेतून बोलावणे आले, तर "माझं पोरगं तसं नाही," म्हणून भांडायला जाऊ नका. मुलाला झोडपूही नका. मारून शिकवले, तर जोरावर असणाऱ्याने मारावे, हेच तो शिकतो. त्याला विचारा. ज्याला त्रास दिला, त्याच्या घरी त्याला घेऊन जा. फाडलेली वही नवी घेऊन द्यायला लावा, तीही त्याच्या खाऊच्या पैशांतून.

नव्या शाळेत गेल्यावर महिनाभर मुलाला रोज थोडे विचारत राहावे. पोट दुखणे थांबले काय? कोणाचे तरी नाव घरी येऊन घेते काय? "आज आम्ही दोघांनी डबा खाल्ला," असे एक दिवस ते सांगेल. तेव्हा त्या दुसऱ्या मुलाला रविवारी घरी जेवायला बोलवावे.